निळ्या रंगातलं टरबूज

घाटंजी,
५ नोव्हेंबर २००६

चि. क्षितिज,

आशीर्वाद घे अन् थोडा वेळ ते कॉम्प्युटर बाजूले ठेव. तुझ्या ई-मेलसाठी मले सायबर कॅफेत जावं लागते. तिथे सारे पोट्टे निकाल पाहून तोंड पाडून बसलेले असतात, त्यांच्यात माझ्यानं लिहिणं होत नाही. आपलं पत्रच बरं.

ताई सांगत होती का तू नोकरीत समुद्राकाठचा चिखल पाहतो म्हणून. तेही अहमदाबादेत खुर्चीवर बसून, सॅटेलाइटच्या फोटोत! लेका, चिखलच पाहायचा होता तं घाटंजीत काय कमी होता?

इकडची हालत विचारू नको. यंदा जिल्ह्यात कापूस कमी अन् अभ्यास समित्या जास्त. लॉजवर खोली भेटत नाही. परवा एका पथकानं बसस्टँडवरच्या पानठेल्यावर विचारलं, "इथल्या लोकांची मानसिकता कशी आहे?" ठेलेवाला म्हणे, "साहेब, आधी पान घ्या, गिऱ्हाइकी झाली का सुधारते."

आता कामाचं. बोरखडीच्या तलावाची गाळपेर तुले आठवते का? पावसाळ्यानंतर तलावाचं पाणी मागे सरते, खाली गाळाची जमीन उघडी पडते, अन् पाटबंधारे खातं ती एका हंगामासाठी लोकाईले पेराले देते. मी रिटायर होईस्तोवर हे काम माझ्याच टेबलावर होतं. वाटणी दोरानं होते. काठापासून थेट पाण्यापर्यंत उभ्या पट्ट्या. पाणी खाली सरकलं का पट्टी लांब होते, बी पुढे जाते. म्हणजे सगळ्याइले थोडं सुकं, थोडं ओलं.

भानगड एकच. सुग्राबीची पट्टी अन् खेमसिंगची पट्टी लागून आहे. दोर धरताना बाई दरसाल दोन हात आपल्याकडे ओढते. मग दोघं माझ्या ओसरीत येऊन भांडतात, तुझी मामी चहा करून करून थकते. तर तू वरून एक फोटो काढ अन् यांच्या धुऱ्याचा निकाल लावून टाक. पिकलं का टरबूज पाठवतो. सुग्राबीचंच.

तुझा,
श्रीकृष्णमामा

०

अहमदाबाद,
२० नोव्हेंबर २००६

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. "पानठेला" म्हणजे काय हे गुजराती मित्रांना समजावताना अर्धा तास गेला.

मामा, दोन पट्ट्यांमधला धुरा सॅटेलाइटला दिसत नाही. चित्रातल्या एका ठिपक्यात तुमचं अंगण, ओसरी आणि शेजारच्यांची विहीर एवढं सगळं मावतं. दोन हात जमीन म्हणजे आमच्या हिशेबात शून्य.

पण मी त्याहून मोठं काम केलंय. आम्ही इथे कच्छच्या आखातातले चिखलपट्टे अभ्यासतो. भरतीला ते बुडतात, ओहोटीला उघडे पडतात, आणि वर्षागणिक त्यांचा आकार बदलतो. तो बदल चित्रांवरून मोजायची पद्धत मी बसवली आहे. तीच बोरखडीला लावली. सोबत रंगीत नकाशा आहे. पिवळा म्हणजे कोरडी जमीन, तपकिरी म्हणजे चिखल आणि निळं म्हणजे पाणी. आकाश स्वच्छ असलेलं एक सुंदर चित्र मिळालं. काम इतकं देखणं झालंय की भिंतीवर लावावं!

हा नकाशा तुमच्या उपविभागातल्या साहेबांना नक्की दाखवा. त्यांनी "उपयुक्त" असं दोन ओळींचं पत्र दिलं तर मला कच्छचा मोठा प्रकल्प मिळण्याची शक्यता आहे. कंपनीत त्यासाठी तिघेजण टपून बसलेत.

मामींना नमस्कार. टरबुजाची वाट पाहतो.

तुमचा,
क्षितिज

०

घाटंजी,
१४ डिसेंबर २००६

चि. क्षितिज,

नकाशा दाखवला. साहेब खुर्चीतून उठले! माझ्या उभ्या नोकरीत कोणता साहेब माझ्यासाठी उठला नव्हता. त्यांनी तो लगेच फ्रेम करून घेतला. कारण पुढच्या महिन्यापासून आणखी पथकं येणार, अन् पथकाले दाखवाले काहीतरी नवं लागते. उपयुक्तचं पत्र सोबत जोडलं आहे. दोन ओळी मागितल्या होत्या, त्याईनं दोन पानं देलीत.

मले सांगाले आनंद होते. सगळं ऑफिस म्हणे, "बाबूजी, तुमचा भाचा!" मी छाती फुगवून चहा पाजला.

पण नंतर जे झालं ते ऐक. साहेबानं हुकूम काढला का आता दोर बंद, वाटणी रंगानं. नकाशावर आडवे पट्टे आहेत ना, त्याचे तुकडे पाडले अन् यादीतल्या नावाच्या अकारविल्हे वाटून देले. खेमसिंग 'ख'. त्याच्या वाट्याले पिवळं आलं, अगदी वरचं, जिथे डिसेंबरातच भेगा पडतात. तिथे टरबूज सोड, काटेही विचार करून उगवतात. सुग्राबी 'स'. तिच्या वाट्याले निळं.

बाई काल आलती. "भाऊ, तुम्हारे भांजे ने मेरे नाम पर पानी लिख दिया. मैं क्या मगर हूँ?" नवरा गेल्यापासून या एका पट्टीवर तिचं वर्ष निघते, हे तुले माहीत आहे. मी म्हटलं, "बाई, सॅटेलाइट आहे, काही विचार करूनच लिहिलं असन."

तर लेका, विचार केलता ना? अन् एक सांग, हा फोटो कोणत्या तारखेचा?

श्रीकृष्णमामा

०

अहमदाबाद,
२ जानेवारी २००७

ती. मामा,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. साहेबांच्या पत्रानं कमाल केली! वरिष्ठांनी ते सगळ्यांना फिरवलं. माझ्या पद्धतीला आता इथे "घाटंजी पद्धत" म्हणतात. फेब्रुवारीत तिचं सादरीकरण आहे, आणि ते नीट पार पडलं की कच्छ माझं.

वाटणीबद्दल वाईट वाटलं. पण नकाशा चुकत नसतो मामा, वापरणारे चुकतात. जिथे पाणी होतं तिथे मी निळा रंग दिला. अकारविल्हे वाटा असं मी कुठे म्हटलं होतं?

सुग्राबींना दुसरा एखादा तुकडा मिळतो का पाहा ना. आणि एक विनंती. फेब्रुवारीपर्यंत नकाशाविरुद्ध लेखी तक्रार वगैरे कुणी करू नये, एवढं बघाल का? फक्त फेब्रुवारीपर्यंत.

इथे छान थंडी पडली आहे. मामींनी पाठवलेले तिळाचे लाडू पोचले, दोन दिवसांत संपले.

तुमचा,
क्षितिज

०

घाटंजी,
२५ जानेवारी २००७

क्षितिज,

थंडी पडली, लाडू भेटले, समजलं. तारीख काहून नाही सांगतली?

आता इकडचं सांगतो. पाणी दरसालसारखं मागे सरलं. तुझं निळं उघडं पडलं, काळं, ओलं, लोण्यासारखं. सुग्राबीनं कोणाले न विचारता आपल्या जुन्या पट्टीत टरबूज लावलं. मी मनात म्हटलं, बरं केलं. तं आठ दिवसांत तिले नोटीस! "अभिलेखानुसार सदर ठिकाणी पाणी असून पाण्यात पीक घेणे नियमबाह्य आहे."

मी साहेबाले हाताले धरून तिथे नेलं. बूट घोट्यापर्यंत गाळात रुतले. मी विचारलं, "साहेब, तुम्ही कुठे उभे आहा?" म्हणे, "पाण्यात." म्या म्हटलं, "भिजले काहून नाही?" म्हणे, "बाबूजी, नकाशा वर गेला आहे. आता पाणी खाली करता येत नाही."

एवढ्यावर भागलं असतं तं मी गप बसलो असतो. पण मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष देवीलाल लय पोहोचलेला माणूस. तलावातल्या पाण्याचा ठेका सोसायटीकडे. तो ऑफिसात येऊन म्हणे, "जिथे निळं तिथे पाणी, अन् पाण्यात जे निपजते ते सोसायटीचं." साहेबानं मान हलवली. म्हणजे बाई राबणार, पाणी देणार, रानडुकरं हाकलणार, अन् टरबूज पिकलं का देवीलाल मासे म्हणून उचलून नेणार!

खेमसिंग तिच्याशी आयुष्यभर भांडला, तो आता तिच्या पट्टीत राखणीले झोपते. म्हणे, "भांडण आमचं आहे, देवीलालचं नाही."

मी कारकून माणूस. एका तारखेचा कागद किती नुकसान करते ते मले माहीत आहे. तारीख सांग.

श्रीकृष्ण

०

अहमदाबाद,
६ फेब्रुवारी २००७

मामा,

अकरा ऑक्टोबर.

परतीच्या पावसानंतर लगेचचं चित्र होतं. तलाव तोंडापर्यंत भरलेला. माझ्याकडे आधीच्या वर्षांची जानेवारी-फेब्रुवारीची चित्रंही होती. प्रत्येकात काठ वेगळ्या जागी होता. नकाशा गोंधळाचा दिसत होता, म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि सगळ्यात देखणं ते घेतलं.

कच्छचं चित्र हातात आलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, तेव्हा भरती होती की ओहोटी? तो न विचारता काठ आखला तर नवा मुलगासुद्धा हसेल. बोरखडीला मी तो विचारलाच नाही. समुद्राची भरती दिवसातून दोनदा, तुमच्या तलावाची वर्षातून एकदा, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. तुमचं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा आलं, आणि तरी मी गप्प राहिलो.

आता लेखी दिलं तर सादरीकरण बोंबललं. कच्छ गेलं. आई सगळ्या नातेवाइकांना सांगून बसली आहे. काय करू, तुम्हीच सांगा.

क्षितिज

०

घाटंजी,
१२ फेब्रुवारी २००७

चि. क्षितिज,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मामी लिहिते आहे. तुझं पत्र वाचल्यापासून तुझे मामा कुणाशी भांडले नाहीत. पेपरवाल्याशीही नाही. म्हणजे समज.

काय करू म्हणून विचारतोस. अरे, दर उन्हाळ्यात तू इथे यायचास तेव्हा सुग्राबी सगळ्यात मोठं टरबूज गवताखाली लपवून ठेवायची, "शिरीकृष्णभाऊ का भांजा आनेवाला है" म्हणून. तू ते खाऊन तिच्याच अंगणात बिया थुंकायचास. तिनं कधी विचारलं नाही, काय करू.

तब्येतीला जप.

तुझी,
शुभदामामी

०

अहमदाबाद,
२० फेब्रुवारी २००७

ती. मामा आणि मामी,

सोबत सही-शिक्क्याचं पत्र आहे. "हा नकाशा फक्त अकरा ऑक्टोबर या एका दिवसाचा असून त्यावरून वर्षभराची जमीन ठरवू नये." एक प्रत तुमच्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं गेली आहे.

सादरीकरणात मी हेच सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, "प्रामाणिकपणा आवडला." कच्छ दुसऱ्याला दिलं.

पेपरवाल्याशी भांडण सुरू झालं का ते कळवा.

क्षितिज

०

घाटंजी,
१० एप्रिल २००७

चि. क्षितिज,

अनेक अनेक आशीर्वाद! पेपरवाला, दूधवाला, दोघाइशीही सुरू आहे. आता बस अन् सावकाश वाच.

तुझ्या पत्रावर साहेबानं शेरा मारला, "नोंद घेतली. पुढील वर्षी नवीन चित्र घ्यावे." म्हणजे यंदा निळं ते निळंच. पण मले तुझ्या पत्रानं जोर आला. मी जुन्या कागदातून सोसायटीच्या ठेक्याच्या अटी काढल्या. त्या मीच लिहिल्या होत्या, तेव्हा लोकं सुरुंग लावून मासे मारत म्हणून.

परवा दिल्लीचं पथक आलं. साहेबानं फ्रेम तलावावर आणून खुर्चीवर ठेवली, हार घातला. अन् नेमका त्याच दिवशी देवीलाल माणसं अन् टोपल्या घेऊन टरबूज उचलाले हजर. सुग्राबी कमरेले पदर खोचून आडवी उभी, बाजूले खेमसिंग काठी घेऊन. मी मधात गेलो.

"देवीलालभाऊ, हे काय आहे?"

"मासे," तो म्हणे.

"बरोबर. मंग अट वाच. मासे धरणे ते फक्त होडीतून अन् जाळ्याने. काठावर उभं राहून हातानं धरल्यास ठेका रद्द. होडी कुठे आहे?"

देवीलालनं साहेबाकडे पाह्यलं. साहेबानं फ्रेमकडे पाह्यलं. पथकानं साहेबाकडे पाह्यलं. "इथे पाणी नाही" असं बोलाले तिथे एकही तोंड मोकळं नव्हतं.

शेवटी होडी आणली रे! चार जणांनी खांद्यावर उचलून, ओढत, घाम गाळत. टरबुजाच्या वेलीत ठेवली, अन् देवीलाल तिच्यात उभा राहून जाळं फेकू लागला. जाळ्यात आला एक वेल, दोन बेशरमाची झाडं अन् कोणाची तरी चप्पल. खेमसिंग हसून हसून खाली बसला.

तवरच सुग्राबीनं बैलबंडी भरणं सुरू केलतं. साहेब ओरडले, "त्या बाईला थांबवा!" मी म्हटलं, "साहेब, ती पाण्यातल्या वेली काढून तलाव साफ करून राह्यली. खात्यानं तिचे आभार मानाले पाहिजे."

पथकातल्या मोठ्या साहेबाले उन्हानं घाम फुटला होता. मी एक टरबूज फोडून समोर केलं. त्याईनं दोन फोडी खाल्ल्या, डोळे मिटले, म्हणाले, "व्वा! इथे टरबूज होतं?"

मी म्हटलं, "नाही साहेब. कागदोपत्री हा मासा आहे."

ते हसले नाही. वहीत लिहून घेतलं. शुभदा म्हणते, पाहा तुम्ही, अहवालात जिल्ह्याचं मत्स्योत्पादन वाढलेलं असन.

बंडी घरी पोहोचली. तुझ्यासाठी बाईनं सगळ्यात मोठं बाजूले काढलं होतं. अहमदाबादेले जाणाऱ्या ट्रकवर देतो.

श्रीकृष्णमामा

०

अहमदाबाद,
१८ मे २००७

ती. मामा,

टरबूज आलं. ऑफिसात कापलं, सगळ्यांनी "मासा" म्हणून खाल्लं.

मी स्वतःच्या रजेनं कच्छला गेलो होतो. चार वर्षं ज्या चिखलाचे नकाशे काढले, त्यात पहिल्यांदा पाय घातला. गुडघ्यापर्यंत गेलो. ओहोटी होती, आणि त्या चिखलात पंधरा-वीस बाया टोपल्या घेऊन शिंपले वेचत होत्या. एकीनं मला हात देऊन बाहेर काढलं आणि पोट धरून हसली.

ती जागा माझ्या जुन्या नकाशात तपकिरी आहे. खाली मीच लिहिलंय, "रिकामी." त्यावर एका कंपनीला बंदराचा धक्का बांधायचा आहे. परत आल्यावर मी "रिकामी" खोडलं. कुणी मागितलं नव्हतं तरी टिपण जोडलं की इथे कोण येतं, कधी येतं, हे आधी विचारा. वरिष्ठ म्हणाले, "तुला घाटंजीची हवा बाधली."

बोरखडीचं पाणी यंदा कधी उतरेल? सुग्राबींना विचारून कळवाल का?

क्षितिज

०

घाटंजी,
२० ऑगस्ट २००७

चि. क्षितिज,

पत्राले उशीर झाला, कारण मधात बोरखडीचा तलावच नव्हता.

गंमत नाही करून राह्यलो. तुझ्या पत्रावरून साहेबानं धडा घेतला अन् नवीन चित्र मागवलं, दुसऱ्या कंपनीकडून. तेही एकाच दिवसाचं. मे महिन्याचं! तेव्हा तळ्यात डबकं उरलं होतं, तेही म्हशीच्या खाली. चित्रात सगळं पिवळं. झालं, कागदोपत्री तलाव संपला. सोसायटीचा ठेका रद्द. देवीलाल माझ्या ओसरीत येऊन रडला, आता तुझी मामी त्याच्यासाठीही चहा करते. गाळपेरही रद्द, कारण तलाव नाही तं गाळ कुठचा?

अन् वरून कोणी मोठा माणूस कापसाची दुर्दशा पाहाले हेलिकॉप्टरनं येणार होता. साहेबाले सपाट, कोरडी, खात्याच्या मालकीची जागा पाहिजे होती. सुग्राबीच्या पट्टीवर रोलर फिरवला, चुन्यानं हा मोठा गोल काढला, मधात इंग्रजी एच. बाई काठावर बसून पाहत होती. भांडली नाही. मले ते पाहवलं नाही, मी घरी निघून आलो.

दौरा पुढे ढकलला. दोनदा. अन् जुलै काही कोणाले पुढे ढकलता येत नाही. आता एचवर दोन पुरुष पाणी आहे. साहेबानं वर लिहिलं, "हेलिपॅडवर अनधिकृत पाणी शिरले आहे." त्यांची बदली झाली, पुसदले. जाताना फ्रेम भंगारात देत होते, ती मी मागून आणली. काच चांगली आहे. शुभदानं ती सुग्राबीले देली, तिनं त्या काचेवर टरबुजाच्या बिया वाळवल्या. बहुतेक तुझ्या निळ्यावरच.

नव्या साहेबासमोर सुग्राबी, खेमसिंग अन् देवीलाल तिघं एकदम जाऊन बसले. मी अर्ज लिहून देला. साहेब तरुण आहे, म्हणे, "नकाशा मला वाचता येत नाही, तुमची जुनी पद्धत काय होती?" मी म्हटलं, दोर. म्हणे, "मग दोरच घ्या." उभ्या पट्ट्या परत. ज्याची त्याले.

तुझा प्रश्न बाईले वाचून दाखवला, पाणी कधी उतरेल म्हणून. तिनं दोनदा वाचाले लावला. म्हणे, "वो ऊपर से देखनेवाला मेरे को पूछता?" मी म्हटलं, "हो बाई, आता विचारते." मग डोळे पुसून म्हणे, "लिखो उसको. दिवाली के बाद आ जा. दोर पकडने को एक आदमी कम पडता."

तर दिवाळीनंतर ये. तुझं टोक खेमसिंगकडचं. पण दोर घट्ट धरशील बावा, ती दोन हात ओढल्याशिवाय राहत नाही.

श्रीकृष्णमामा